पाया कच्चा राहिलेल्या विद्यार्थ्यांविषयीं आपलें कर्तव्य
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गेल्या पन्नास वर्षांतील वडीलधाऱ्यांचे उपकार आठवावे आणि परमेश्वराचे आभार मानावे, हें योग्यच आहे. तें काम माझ्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मजकडे सोंपविलेला विषय मात्र किंचित् रुक्ष आहे. जीं मुलें कॉलेजच्या दारापर्यंत पोंचतात, परंतु ज्यांचें वाचन, लेखन आणि अंकगणित कच्चें राहिलेलें असतें, त्यांस हात कसा द्यावा, याविषयीं मला बोलावयाचें आहे.

आरंभींच एक कबुली देतों. मी कित्येक वर्षें कॉलेजांत गणित शिकविलें. पहिल्या वर्षाच्या वर्गांत एक मुलगा अपूर्णांकाशीं अडखळत असे. "तुझा पाया कच्चा आहे; आधीं तो पक्का करून ये, मग येथें बस," असें मी त्यास एके दिवशीं सांगितलें. सल्ला मला शहाणपणाचा वाटला. तो निमूटपणें उठून गेला आणि पुन्हां आला नाहीं. पाया कोठें पक्का करावा व कोणाकडून करून घ्यावा, हें मीं त्यास सांगितलें नव्हतें. ती टोंचणी मनांत अजून आहे, म्हणूनच हा विषय मीं पत्करला.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा अनुभव अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांस आहे. इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं अशा प्रकारचें पहिलें सार्वजनिक कॉलेज निघालें. कॅलिफोर्नियांत १९०७ सालीं तसा कायदा झाला, १९१० सालीं फ्रेस्नो येथें आरंभ झाला, आणि आज त्या एका संस्थानांत अशीं ११६ कॉलेजें आहेत. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फी माफक, आणि दार सर्वांस उघडें, हें त्यांचें ब्रीद. दिवसां काम करून रात्रीं शिकणारे, मुलेंबाळें असलेले, परदेशांतून आलेले असे सर्व तेथें येतात. दार उघडें असल्यामुळें पाया कच्चा असलेलेही पुष्कळच येतात.

त्यांच्यासाठीं पूर्वीं असा क्रम होता. प्रवेशाच्या वेळीं एक चांचणी घ्यावयाची, आणि जो तींत उणा पडे त्यास खालच्या वर्गांत बसवावयाचें. गणितांत अंकगणितापासून बीजगणितापर्यंत असे तीन-चार वर्ग एकावर एक रचलेले असत. ते ओलांडल्यावांचून पदवीस धरला जाणारा वर्ग मिळत नसे. त्या खालच्या वर्गांचे गुण पदवीस जमा होत नसत. वेळ आणि पैसा मात्र खर्च होई.

यांत हेतु वाईट नव्हता, माझाही नव्हता. पण हिशेब करून पाहा. समजा, शंभर विद्यार्थी सर्वांत खालच्या पायरीवर बसविले, आणि प्रत्येक पायरीवर शेंकडा सत्तर उत्तीर्ण होऊन पुढील वर्गांत गेले. शेंकडा सत्तर हा निकाल कोणताही शिक्षक चांगलाच म्हणेल. परंतु पहिल्या पायरीनंतर सत्तर उरतात, दुसरीनंतर एकोणपन्नास, तिसरीनंतर चौतीस, आणि चौथीनंतर अवघे चोवीस. कोणी एकानें मोठी चूक केलेली नाहीं, तरी शंभरांतील शहात्तर वाटेंतच गळाले. शिडी जितकी लांब, तितके पडणारे अधिक. शिवाय एका दिवसाच्या चांचणीवरून मनुष्याची योग्यता ठरविण्यांत पुष्कळांवर अन्याय होत असे. वरच्या वर्गांत जे निभावले असते तेही खालीं बसविले जात.

म्हणून कॅलिफोर्नियांत २०१७ सालीं नवा कायदा झाला. विद्यार्थ्याचे शाळेंतील गुण विचारांत घ्यावे, आणि तो एका वर्षाच्या आंत इंग्रजी व गणित यांच्या खऱ्या कॉलेजवर्गांत बसून उत्तीर्ण होईल अशी अधिकांत अधिक शक्यता करावी, असें त्यानें कॉलेजांवर बंधन घातलें. मुलास आधीं वर्गांत घ्यावें आणि त्याच वेळीं बाजूला जादा शिकवणी द्यावी, ही रीत सर्वत्र आली. टेनेसी संस्थानानें ती २०१५ सालींच पत्करली होती. वॉशिंग्टन संस्थानांत तर एकाच वर्गांत दोन शिक्षक उभे राहतात: एक धंदा शिकवितो, आणि दुसरा त्या धंद्याला लागणारें वाचन व गणित शिकवितो.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ सालीं आणखी एक उपक्रम काढला. ज्यांचा पाया कच्चा आहे अशा गरीब विद्यार्थ्यांस नियमानें भेटणारा एक सल्लागार, शिकवणी, पाठ्यपुस्तकें, आणि आगगाडी व बसचें भाडें, एवढें त्यांत दिलें जाई. चिठ्ठ्या टाकाव्या तसे विद्यार्थ्यांचे दोन गट करून त्याची परीक्षा झाली. तीन वर्षांत मदत न मिळालेल्या गटांतील शेंकडा २२ विद्यार्थी पदवीधर झाले, आणि मदत मिळालेल्या गटांतील शेंकडा ४०. मुलें त्याच दर्जाचीं होतीं. एका गटाच्या पाठीशीं कोणी उभें होतें, एवढाच भेद.

सर्व गोड आहे असें मात्र मी म्हणत नाहीं. कॅलिफोर्नियांत वरच्या वर्गांत थेट घेतल्यामुळें उत्तीर्ण होणारे वाढले, तरी नापास होणारेही थोडे नाहींत. आणि ज्यास मुळींच वाचतां येत नाहीं त्यास शांतपणें मुळापासून शिकविणारी जागा हवीच, असें तेथील अनेक शिक्षक म्हणतात. तें मला पटतें. दार उघडून आंत घेतलें आणि मग एकटें सोडलें, तर तीही एक प्रकारची निष्ठुरताच होय.

आपल्या देशांतही हा विचार रुजला आहे, आणि त्यांत ख्रिस्तसभेचा हात आहे. पाँडिचेरी विद्यापीठानें १९९५ सालीं कम्युनिटी कॉलेज काढलें. पाठोपाठ १९९६ सालीं मद्रास-मैलापूरच्या आर्चडायोसीसनें मद्रास येथें तें सुरू केलें. शाळा अर्ध्यांत सुटलेल्या तरुणतरुणींस आधीं बोलण्याचालण्याचें व जगण्याचें शिक्षण, मग हातास काम, आणि नंतर प्रत्यक्ष कामाच्या जागीं उमेदवारी, असा त्याचा क्रम.

बंधुभगिनींनो, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनीं १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर प्राण अर्पिले. त्याच सालीं रोम शहरांत सांता डोरोटेया या चर्चच्या जागेंत संत जोसेफ कालासान्झ यांनीं गरिबांच्या मुलांसाठीं विनामूल्य शाळा उघडली, आणि तेथें वाचन, लेखन व हिशेब शिकविला. चर्चच्या खोल्यांपासूनच त्या कार्याचा आरंभ झाला, हें ध्यानांत ठेवा.

आपल्यापाशींही खोल्या आहेत. मराठी माध्यमांतून आलेलीं आपलीं मुलें कॉलेजांत इंग्रजी व्याख्यान ऐकतात, शेवटच्या बांकावर बसतात, आणि एके दिवशीं जाणें सोडतात. घरीं विचारलें तर म्हणतात, मन लागत नाहीं. खरें कारण सांगावयास लाज वाटते. तीन गोष्टी आपण याच वर्षीं करूं शकतों. पहिली, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं, रोझरीनंतर, हें सभागृह अशा मुलांसाठीं उघडें ठेवावें, आणि निवृत्त शिक्षकांनीं तेथें बसावें. दुसरी, दर दहा मुलांमागें एका वडील मनुष्यानें नांवें लिहून घ्यावीं. जो दोन वेळां आला नाहीं त्याच्या घरीं जावें, रागावण्यास नव्हे, विचारण्यास. तिसरी, ज्यास रेल्वेच्या पासाचे पैसे जड जातात, त्याचा भार सेंट व्हिन्सेंट डी पॉल सभेनें गुपचूप उचलावा.

एक पथ्य मात्र पाळावें. या वर्गास 'कच्च्यांचा वर्ग' असें नांव देऊं नये. आपल्या प्रभूनें बहिऱ्या-तोतऱ्या मनुष्यास बरें करतांना त्यास गर्दीपासून बाजूला नेलें होतें. चारचौघांत कोणाचें व्यंग दाखवूं नये, हा धडा त्यांत आपण घ्यावा.

माझा तो विद्यार्थी आज कोठें असेल तो असो. त्याच्यासारखा दुसरा कोणी या धर्मग्रामांतून निमूटपणें उठून जाऊं नये, एवढीच या मंगल दिवशीं माझी प्रार्थना आहे. पहिल्या संध्याकाळीं फळ्यापाशीं उभा राहावयास मी तयार आहें. तुमच्यांपैकीं कोण येतें, तें सभा आटोपल्यावर मला येऊन सांगा.

परमेश्वर या धर्मग्रामाचें कल्याण करो.