रुग्णाचा दिवस



साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता पुरी करून तुम्ही आज आयुर्वेदाची पदवी घेत आहात. तुमचं मनापासून अभिनंदन. घरी बसून तुमच्या परीक्षांची तुमच्याइतकीच धास्ती घेतलेल्या आई-वडिलांचंही अभिनंदन.

मराठीत कुणी भेटलं की आपण विचारतो, "प्रकृती कशी आहे?" या साध्या प्रश्नात तुमचं अर्धं शास्त्र सामावलेलं आहे. तुझी म्हणून जी घडण आहे ती जागेवर आहे ना, असं आपण विचारत असतो. "मला दही मानवत नाही" असं आजी म्हणते, तेव्हा ती सात्म्याचाच, म्हणजे शरीराला काय मानवतं याचाच, विचार सांगत असते. छळणाऱ्याला आपण "डोक्याला वात आणू नकोस" म्हणतो. संतापलेल्याचं पित्त खवळतं. आणि जो आपल्या ठायी स्थिर आहे तो स्वस्थ. तुमचा विषय तुमच्या रुग्णांच्या तोंडी आधीपासूनच आहे. त्यांच्याशी बोलायला तुम्हाला परकी भाषा शिकावी लागणार नाही. त्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं मात्र लागेल.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी माझ्या एका चुकीतून शिकले. पण त्या चुकीपर्यंत पोचण्याआधी आरोग्याच्या व्याख्येतल्या 'सम' या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहू.

वात, पित्त आणि कफ यांना आपण दोष म्हणतो, कारण ते बिघडले की शरीर बिघडवतात. पण तेच नीट असतात तेव्हा शरीर धरून ठेवतात, आणि तेव्हा शास्त्र त्यांना धातू म्हणतं. श्वास आत-बाहेर करणारा, अन्न पुढे ढकलणारा, डोळ्याची पापणी लववणारा वात. अन्नाचं रूपांतर करणारं, त्वचेला कांती आणि नजरेला तेज देणारं पित्त. सांध्यांना जोडून ठेवणारा, शरीराला ओलावा आणि बळ देणारा कफ. या तिघांपैकी कुणीही शत्रू नाही. वात 'मारायचा' नसतो आणि पित्त 'संपवायचं' नसतं. रुग्ण असं बोलले तर समजून घ्या, पण तुम्ही असं बोलू नका.

आणि सम म्हणजे तिघांचे सारखे वाटे नव्हेत. चरकांनी आपल्या संहितेच्या शारीरस्थानात पित्ताचं प्रमाण ५ ओंजळी आणि कफाचं ६ ओंजळी सांगितलं आहे. वाताला तर ओंजळीचं मापच नाही. पण त्या आकड्यांपेक्षा मला नेहमी त्या मापाचं कौतुक वाटत आलं आहे. ही ओंजळ राजाने ठरवून दिलेली नाही, बाजारातली नाही, वैद्याचीही नाही. ज्याचं शरीर, त्याचीच ओंजळ. लहान मुलाची लहान, पैलवानाची मोठी. एकाच्या ओंजळीने दुसऱ्याला मोजायचं नाही, हा समत्वाचा पहिला नियम आहे. म्हणूनच दहा प्रश्नांची उत्तरं घेऊन कुणाला 'तुम्ही पित्तप्रकृतीचे' असा शिक्का मारून मोकळं होऊ नका. सगळ्या पित्तप्रकृतींना एकच डबा विकणाऱ्यांच्या रांगेत तर उभेच राहू नका.

समत्व एकदा मिळवून फडताळात ठेवता येत नाही. ते रोज सरकतं. सकाळी कफाचा जोर असतो, दुपारी पित्ताचा, दिवस कलताना वाताचा. बाळपण कफाचं, तारुण्य पित्ताचं, म्हातारपण वाताचं. उन्हाळ्याच्या रखरखाटात वात साचतो आणि पावसाळ्यात उसळतो. पावसाळ्यात पित्त साचतं आणि शरदातल्या ऑक्टोबरच्या उन्हात उफाळून येतं. थंडीत घट्ट बसलेला कफ वसंतात पातळ होऊन सर्दी-खोकल्याच्या रूपाने बाहेर पडतो. साचणं एका ऋतूत आणि उसळणं पुढच्या ऋतूत, हा यातला महत्त्वाचा धागा आहे. ऑक्टोबरात आंबट ढेकरा घेऊन आलेल्या माणसाला काल काय खाल्लं एवढंच विचारलंत, तर अर्धवट विचारलंत. त्याचा श्रावण-भाद्रपद कसा गेला, हे विचारायला हवं.

आपल्या घरांनी हे गणित सणांमधून सांभाळलेलं दिसतं. संक्रांतीच्या थंडीत तीळगूळ, पाडव्याला कडुलिंबाचा पाला, चैत्रात पन्हं, दिवाळीच्या पहाटे तेल आणि उटणं, कोकणात आणि गोव्यात उन्हाळाभर कोकमाचं सरबत. रुग्णाला ऋतुचर्या सांगताना आधी त्याच्या घरात काय चालत आलं आहे, ते विचारा. ओळखीची गोष्ट माणूस टिकवतो.

सुश्रुतांनी रोगाचे सहा क्रियाकाल, म्हणजे सहा पायऱ्या सांगितल्या. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. परीक्षेसाठी तुम्ही ते पाठ केले असतील. पण पहिल्या पायरीचं एक लक्षण मात्र आयुष्यभर जवळ ठेवा. दोष साचू लागला की ज्या कारणाने तो साचतो त्याचाच शरीराला तिटकारा येऊ लागतो. शरीर स्वतःच 'नको' म्हणतं. गोडधोडाचा वीट येतो, सावली हवीशी वाटते, कोरडं अन्न घशाखाली उतरत नाही. त्या वेळी 'नको' ऐकलं तर जेवणाच्या ताटातच उपचार होतो. पण त्या वेळी माणूस वैद्याकडे येत नाही. तो येतो चौथ्या-पाचव्या पायरीवर. मग त्याने ते 'नको' का ऐकलं नाही? बहुतेक वैद्य इथे एक शब्द उच्चारून थांबतात, प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धीचा अपराध. चूक रुग्णाची, असं म्हणून आपण सुटतो. मीही तसंच म्हणत असे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी उसाच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना होता. हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येत. त्यातली एक तिशीची बाई लघवीच्या जळजळीने, ओटीपोटातल्या दुखण्याने आली. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली. चंद्रप्रभा वटी, धने-जिऱ्याचं पाणी लिहून दिलं. भरपूर पाणी प्या, वेग धरून ठेवू नका, असं ठासून सांगितलं. पंधरा दिवसांनी ती परत आली, दुखणं जसंच्या तसं. पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी रागावले. म्हटलं, सांगितलेलं ऐकत का नाहीस? तिने खाली मान घालून उत्तर दिलं, "बाई, पानी पिलं की जावं लागतंय. फडात समदी गडीमाणसं. जायचं कुठं? म्हणून पानीच पीत न्हाई."

न धरायच्या तेरा वेगांमध्ये मूत्राचा वेग आहे, तहानेचाही आहे. ती दोन्ही एकाच वेळी धरत होती. तिचं शरीर 'नको' म्हणत होतं आणि तिला ते स्वच्छ ऐकू येत होतं. प्रज्ञा तिची शाबूत होती, अपराध तिचा नव्हता. मी स्वतः बाई असून तीन भेटींत तिला तिचा दिवस विचारला नव्हता.

त्या दिवशी विचारला. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत फडात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. अंधार पडल्यावर पालावर, मग पाणी, चूल, पोरं. आजारी पडून खाडा झाला की पैसे कापले जायचे आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायची नाही. या दिवसात मी माझा 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला बसवून पाहिला. तो कुठेच बसेना.

मी मुकादमाला बोलावून घेतलं, त्याच्याशी बोलले. आठवड्याभरात फडाच्या बांधाला दोन बांबू आणि जुन्या साड्या लावून आडोसा उभा राहिला. औषध तेच ठेवलं. पुढच्या महिन्यात ती बरी होऊन सांगायला आली, सोबत टोळीतल्या आणखी दोघींना घेऊन. ती वटीने बरी झाली की आडोशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आडोशाआधी ती वटी लागू पडली नव्हती, एवढं मला ठाऊक आहे. २०१९ मध्ये बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तेव्हा मला ती खाली घातलेली मान आठवली. त्या बायकांपैकी कितींना त्यांचा दिवस कुणी विचारला असेल, हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

म्हणून मित्रांनो, मला सांगायचं ते एवढंच आहे. रुग्णाचा दिवस विचारा. किती वाजता उठता, पहिला घास कधी, पाणी कधी, किती वेळ उभे असता, कुणाच्या भीतीने काय दाबून ठेवता, झोप कुणाच्या सोयीने घेता. माणसाचं वात-पित्त-कफ त्याच्या दिवसात राहतं. औषधाने त्याला हात देता येतो, पण तो दिवस तसाच राहिला तर बिघडलेलं पुन्हा बिघडतं.

आपलं शास्त्र या बाबतीत फार माणुसकीचं आहे. रात्रपाळीचा रखवालदार, परिचारिका, परदेशाच्या घड्याळावर काम करणारी पुण्यातली मुलं तुमच्याकडे येतील. रात्री जागू नका, असं सांगून त्यांचं पोट भरणार नाही. वाग्भटांनी त्यांच्यासाठी वाट ठेवली आहे. रात्री जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी झोपावं, आणि तेही काही न खाता. वर्षानुवर्षांची खोड सोडवायची असेल तर तीही एका दमात सोडवायची नाही. चतुर्थांश, चतुर्थांश करत उतरायचं. दिवसाला सहा कप चहा पिणाऱ्याला 'उद्यापासून बंद' म्हणणारा वैद्य त्या माणसाला खोटं बोलायला शिकवतो.

आणि काही वेळा एका माणसाचा दिवस विचारूनही भागणार नाही. चरकांच्या विमानस्थानात गंगाकाठच्या कांपिल्य नगरीतला एक संवाद आहे. अग्निवेश गुरूंना विचारतो, माणसांच्या प्रकृती, आहार, बळ, वय सगळं वेगवेगळं असताना एकाच रोगाने सगळे एकदम कसे मरतात? पुनर्वसू आत्रेय सांगतात की हवा, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक आहेत. त्या बिघडल्या की प्रकृतिभेद उरत नाही. आणि त्या बिघडण्याच्या मुळाशी ते राज्यकर्त्यांचा आणि लोकांचा अधर्म दाखवतात. गावची नदी नासलेली असताना घरोघरी पाचक चूर्ण वाटणं पुरेसं नाही, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात वाग्भटांच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. राज्याच्या दफ्तराची जबाबदारी वाहणारा माणूस कोणत्या ऋतूत काय खावं याचाही विचार करत होता, हे आपल्याच मातीत घडलं आहे. ग्रामसभेत पाण्याचा, शौचालयाचा, कारखान्याच्या सांडपाण्याचा विषय निघाला की उभे राहून बोला. तेही वैद्याचंच काम आहे.

आता एक कठोर गोष्ट. आपल्या शास्त्रावर प्रेम असेल तर त्याच्या नावाने खोटं बोलू नका. प्रकृती आणि जनुकं यांचा संबंध तपासण्याचं काम सुरू झालं आहे. २००८ साली दिल्लीच्या आणि २०१५ साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केले. ती आशादायक सुरुवात आहे. 'सगळं सिद्ध झालं' असं म्हणण्याचा अधिकार तिने आपल्याला दिलेला नाही. बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. 'आयुर्वेदाने अपाय होत नाही' हे वाक्य यापुढे तुमच्या तोंडून निघू नये. छातीत कळ आलेल्या माणसाला वाताचा झटका म्हणून बसवून ठेवू नका, आधी ईसीजी काढा. चालू इन्सुलिन परस्पर बंद करू नका. साध्य काय आणि असाध्य काय हे ओळखणं आणि वेळेवर दुसऱ्याच्या हाती रुग्ण सोपवणं, हेही चरकांनीच शिकवलं आहे.

रुग्णाच्या घरात पाऊल टाकलं की मन, वाणी, बुद्धी फक्त त्याच्याकडे लावायची आणि त्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा उपदेश चरकांनी शिष्याला शिक्षण संपताना केलेला नाही. तो अग्नीच्या साक्षीने, शिक्षण सुरू होताना केला आहे. आज तुमचं शिकणं पुन्हा सुरू होतं आहे. यापुढचे गुरू तुमच्यासमोरच्या बाकावर येऊन बसतील. कुणाच्या हातावर कोयत्याचे घट्टे असतील, कुणाच्या डोळ्यांत रात्रपाळीची झोप.

त्यांची नाडी पाहा. मग लेखणी खाली ठेवा आणि त्यांना त्यांचा दिवस विचारा. त्यांची ओंजळ केवढी आहे, ते त्यांनाच माहीत असतं.

तुम्हा सर्वांना उदंड आयुष्य आणि तुमच्या हाताला गुण लाभो.