जुळाऱ्याचे हात
(बिबवेवाडी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपली ही स्मरणिका आता संगणकावर सिद्ध होते. मी शाळकरी असताना छापखान्यातील जुळारी केसमधून शिशाचा एकेक खिळा उचलून उलट्या अक्षरांची ओळ जुळवीत असे. चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक निराळा करवून घ्यावा लागे.

अमेरिकेतील ब्रायर लेव्हिट या अध्यापिकेने या संगणकपूर्व मांडणीकलेवर ‘ग्राफिक मीन्स’ हा अनुबोधपट २०१७ साली प्रदर्शित केला. त्यासाठी तिने लोकवर्गणी जमविली आणि ज्यांचे आयुष्य या कामात गेले, त्यांना कॅमेऱ्यापुढे बोलते केले.

आपल्याकडे कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखाटलेली अक्षरे अजून डोळ्यांपुढे उभी राहतात. ते २०२० साली निवर्तले. नामवंतांचे काम निदान ग्रंथांतून उरते. आपल्या आळीतील जुळाऱ्याचे काय? माझ्या शेजारचे एक वृद्ध जुळारी गतवर्षी गेले. त्यांनी जपलेले खिळे भंगारात गेले; त्यांचा हात कसा चाले, हे सांगणारे घरात कोणी उरले नाही. मी शिक्षक असूनही त्यांना कधी विचारले नाही, ही खंत मनाला लागून राहिली आहे.

म्हणून नम्र विनंती आहे. ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत, त्यांच्या नातवंडांनी मोबाइल हाती घेऊन अर्धा तास त्यांना बोलते करावे. मंडळाने ती चित्रणे जतन करावीत. या कार्यासाठी पहिली वर्गणी, रुपये ५०१, माझी समजावी.