आत कोणता रंग दिसतो?



आठवीत विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला शाळेमागच्या रानात नेऊन भुईमुगाचं एकेक झाड उपटायला लावलं होतं, आठवतंय? मुळांवरच्या गाठी नखाने फोडायच्या. आत गुलाबी दिसलं की गाठ कामाची. मला मात्र गणवेश मळल्याचंच दुःख!

पुढे इंजिनिअर झाले, खतांचा सल्ला देणारं सॉफ्टवेअर लिहू लागले. माती परीक्षणात नत्र कमी आलं की युरिया वाढवा, हा सरळ हिशेब मी सगळ्याच पिकांना लावला. सोयाबीनलाही. बाबांनी लेकीचा सल्ला म्हणून तो पाळला. पीक हिरवंगार माजलं, शेंगा मात्र वाढल्या नाहीत. बाबांनी झाड उपटून माझ्यासमोर धरलं. गाठी मोजक्याच. "तुझ्या कॉम्प्युटरला मुळं दिसत नाहीत का गं?"

गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. आयतं नत्र मिळालं की झाड हा खर्च टाळतं, गाठी कमी धरतं. आणि तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. तो ऑक्सिजन आवरून धरतो, नाहीतर नत्र बांधणारं विकर निकामी होतं.

नियम मी दुरुस्त केला. आता द्विदल पीक निवडलं की युरियाचा आकडा येण्याआधी स्क्रीनवर प्रश्न येतो: झाड उपटून गाठ फोडली का? आत कोणता रंग दिसतो?

बाई, शब्द तुमचेच आहेत. न विचारता घेतले.