कुंचल्याने टिपलेले रणाकाश
(व्याख्यानाचे शब्दांकन)



१४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच आपल्या दोन चिमुकल्या नॅट विमानांनी उड्डाण केले. पुढच्या विमानात फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन होते आणि मागच्या विमानात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों. धूळ आणि धुरात दोघांची ताटातूट झाली. उरलेली झुंज सेखों यांनी एकट्याने दिली आणि तीत त्यांना वीरमरण आले. त्यांचा देहही हाती लागला नाही. भारतीय हवाई दलाला लाभलेले हे एकमेव परमवीरचक्र.

आज ती झुंज आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती कॅमेऱ्यामुळे नव्हे, चित्रकारांमुळे. म्हणूनच अशा चित्रांकडे नुसती शोभेची वस्तू म्हणून पाहता येत नाही. पुढच्या पिढ्यांपर्यंत त्या सकाळची साक्ष पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे आलेले आहे.

साक्षीदाराने खरे बोलावे, ही अपेक्षा चित्रकाराकडूनही ठेवली पाहिजे. नॅटच्या पंखांचा विस्तार जेमतेम पावणेसात मीटर, तर सेबरचा सव्वाअकरा मीटरच्या आसपास. चित्रात दोन्ही विमाने सारख्या आकाराची दाखवली, तर सेखोंच्या साहसाचा निम्मा अर्थ तेथेच हरवतो. श्रीनगरची भूमीही समजून घ्यावी लागते. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत तेथे लढाऊ विमाने ठेवली जात नव्हती. त्यामुळे १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधील या तरुणाला तो डोंगराळ प्रदेश, ती उंची आणि डिसेंबरमधली हाडे गोठवणारी थंडी सवयीची नव्हती. झुंजही उंच निळ्या आभाळात झाली नाही. ती झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर झाली. निळ्याभोर आकाशात गिरक्या घेणारे विमान काढणे सोपे आणि आकर्षकही. पण ते श्रीनगर नव्हे.

आणखी एक नाजूक मुद्दा आहे. परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्रात एका सेबरवर मारा झाल्याचा आणि दुसरे पेटल्याचा उल्लेख आहे. उत्साहाच्या भरात एखादा चित्रकार आभाळभर जळती विमाने कोसळताना दाखवतो. भावना समजण्यासारखी आहे; पण एकाशी अनेक झुंजले, हे सत्यच इतके प्रखर आहे की त्यावर आणखी रंग चढवण्याचे कारण नाही. सेखोंचे विमान पाडणारे पाकिस्तानी वैमानिक सलीम बेग मिर्झा यांनीही पुढे एका लेखात त्यांच्या शौर्याची आणि उड्डाणकौशल्याची वाखाणणी केली. शत्रूने दिलेल्या या प्रशस्तीत जळत्या विमानांची भर घालून आपण काय मिळवणार?

या कलेतील खरी अडचण मात्र वेगळीच आहे. विमान दिसते, माणूस दिसत नाही. शिरस्त्राण आणि प्राणवायूचा मुखवटा चढवला की वैमानिकाचा चेहराच नाहीसा होतो. सर्वांना ‘ब्रदर’ म्हणणारा आणि त्यामुळे स्वतःही ‘ब्रदर’ या नावाने ओळखला जाणारा सेखों त्या इवल्याशा काचेआड कसा दाखवायचा?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील चित्रकारांसमोर हाच पेच होता. तेथील सरकारने युद्धचित्रांसाठी समितीच नेमली होती आणि कलासमीक्षक केनेथ क्लार्क तिचे प्रमुख होते. (युद्ध चालू असताना चित्रकारांची आठवण ठेवणारे शासन, ही गोष्ट आपण नोंद घ्यावी अशी आहे.) कथबर्ट ऑर्ड हा चित्रकार पहिल्या महायुद्धात स्वतः वैमानिक होता. १९४० मध्ये तो एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर हिंडला आणि वैमानिकांना समोर बसवून कोळशाने त्यांची व्यक्तिचित्रे रेखाटत राहिला. विमाने बाजूला ठेवून त्याने चेहरे टिपले. त्यांतले काही तरुण चित्र पुरे झाल्यावर लवकरच मारले गेले. मागे राहिला तो कागदावरचा चेहरा.

पॉल नॅश याने अगदी उलट वाट धरली. वैमानिकांची व्यक्तिचित्रे हवी असलेल्या हवाई खात्याला त्याची चित्रे फारशी रुचली नाहीत. ऑक्सफर्डजवळ काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांच्या सांगाड्यांचा ढीग साचला होता. नॅशला तो चांदण्यातल्या गोठलेल्या समुद्रासारखा भासला. ‘टोटेस मेर’, म्हणजे मृत समुद्र, हे त्याचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात एकही वैमानिक नाही. तरीही ब्रिटनच्या आकाशात कोणी कोणाला अडवले, हे त्या चित्रासमोर कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे तर या परंपरेच्या आरंभीच एक वैमानिक आहे, ज्याच्या स्वतःच्या हातात पेन्सिल होती. इंद्रलाल रॉय यांचा जन्म १८९८ सालचा, कोलकात्याचा. दृष्टिदोषाचे कारण देऊन त्यांना नाकारण्यात आले, तेव्हा या मुलाने आपली मोटारसायकल विकून नामांकित नेत्रतज्ज्ञाचा दाखला मिळवला आणि ब्रिटिश हवाई दलात प्रवेश केला. ते परक्या साम्राज्यासाठी लढले, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना काहीजण आजही अडखळतात. पण जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत दहा हवाई विजय नोंदवणारा हा मुलगा एकोणीस वर्षांचा होता, आणि १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी हे त्याचेच भाचे. २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात इंद्रलाल मारले गेले. त्यांच्या समाधीवर फ्रेंचबरोबर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत.

डिसेंबर १९१७ मध्ये त्यांचे विमान कोसळले होते. त्यातून बरे होण्याच्या काळात, पुन्हा उडू देतील की नाही याची शाश्वती नसताना, ते कागदावर विमाने काढत बसत. त्यांतली बरीच रेखाचित्रे आजही जपलेली आहेत.