मेंदूतलं सूत



मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचं. त्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकातही मला आधी शब्द भेटतो आणि मग अर्थ. आपल्या पेशींमध्ये 'मायटोकॉन्ड्रिया' असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'तंतुकणिका' म्हणतात. १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीक भाषेतून हे नाव घडवलं. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ सूत, दुसऱ्याचा कण. शेतात कापूस आणि शेजारी सेवाग्रामचा चरखा असलेल्या आम्हा समुद्रपूरकरांना हे नाव परकं कसं वाटावं?

या कणिका प्राणवायू आणि साखर वापरून पेशीला लागणारी ऊर्जा तयार करतात. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण प्राणवायू तो वीस टक्के खातो. आणि साठा जवळजवळ नाही. रोज कमवायचं, रोज खायचं, असा त्याचा संसार!

डोक्याला मार लागतो तेव्हा काही पेशी तिथंच मरतात. त्यावर कुणाचा इलाज नाही. पण दुसरं नुकसान पुढच्या काही तासांत, दिवसांत होत राहतं. जखमी पेशींतून ग्लुटामेट नावाचं द्रव्य सांडतं, त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. तंतुकणिका बंधाऱ्यासारखी तो लोंढा स्वतःत अडवते. मर्यादा संपली की तिच्या पडद्याला भोक पडतं, ऊर्जा थांबते आणि वाचू शकली असती अशी पेशीही मरते.

हे भोक पडू नये म्हणून शास्त्रज्ञ झटत आहेत. अवयवरोपणानंतर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन हे औषध उंदरांच्या मेंदूत हे काम करतं, असं दिसलं आहे. माणसांत मात्र त्याचा फायदा अजून सिद्ध झालेला नाही. या वाटेवर निराशाही पुष्कळ. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजार रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडनं मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. २०१४ मध्ये प्रोजेस्टेरॉनच्या दोन मोठ्या चाचण्या निष्फळ ठरल्या.

मग आपल्या हाती काय? पुष्कळ आहे! कणिकेला हवा प्राणवायू आणि तो पोचवणारं रक्त. जखमीचा श्वास कोंडला किंवा रक्तदाब कोसळला, तर थोड्या वेळातही नुकसान वाढतं. आमच्या जाम चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता मिळतो. गिरडला बाबा फरीदांच्या दर्ग्याला एकेका दुचाकीवर तिघं-तिघं जातात. अपघात झाला की गर्दी जमते. कुणी जखमीला उठवून बसवतो, कुणी बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओततो. दोन्ही माया आहे, पण दोन्ही घातक! पाणी श्वासनलिकेत जातं, मान दुखावलेली असेल तर हलवल्यानं आणखी दुखावते. १०८ ला फोन करा. श्वास चालू आहे का पाहा, वाहतं रक्त कापडानं दाबून धरा. उलटी होत असेल तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून, दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवा.

जखमी उठून बोलू लागला, म्हणून निर्धास्त होऊ नका. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, गुंगी, झटका, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच मोठं रुग्णालय गाठा. सेवाग्राम, सावंगी आपल्या जिल्ह्यातच आहेत. पोलिसांच्या लचांडाची भीती वाटत असेल, तर हेही ऐका : २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आणि हेल्मेट? ते आरशाला लटकवण्यासाठी नसतं. डोक्यावर घालून पट्टा आवळला, तरच ते कामाचं.

एक गोष्ट मला फार भावते. ही तंतुकणिका प्रत्येकाला केवळ आईकडून मिळते. हिंदू असो की मुसलमान, डोक्यातलं हे सूत आईनं दिलेलं आहे. औषध येईल तेव्हा येईल. तोवर रस्त्यावर पडलेल्या कुणाच्याही लेकराचं सूत तुटू न देणं, एवढं तर आपल्याला जमेल.