दहा बाय बाराची खोली

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मालिकेतली सासू खऱ्या आयुष्यात कशी असते, हे जेवताना सांगेन. आत्ता थोडं वेगळं बोलतो.

2 ऑक्टोबर 1972 ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा आपण आठवीत होतो. लालबागच्या आमच्या चाळीत पुढे एकच सेट आला, दुसऱ्या मजल्यावर. रविवारच्या सिनेमाला त्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मी उशिरा पोचायचो, त्यामुळे वाट्याला पडदा नाही, नुसता आवाज. बोलणाऱ्याचं वय काय, तो खरं बोलतोय की थापा मारतोय, हे बाहेर गॅलरीत उभं राहून ओळखायचं. संवाद लिहायचं माझं शिक्षण एवढंच.

मग विजया जोगळेकर-धुमाळे यांचं ‘चिमणराव’ आलं. चिं. वि. जोशींचा चिमणराव पुण्यातला पांढरपेशा आणि बघणारे आम्ही गिरणीवाले. तरी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे दिसले की अख्खा मजला हसायचा. कर्वे महापालिकेत नोकरी सांभाळून नट झालेत, हे वडिलांना कुठून तरी कळलं. त्यानंतर मी लिहिण्याचं नाव काढलं की घरात गुंड्याभाऊंचा दाखला ठरलेला. मीही बारा वर्षं नोकरी करूनच लिहिलं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्याच वर्षी देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच वर्षी आमच्या चाळीतला काळापांढरा सेट विकला गेला. त्यामागोमाग भांडी.

माझी सुरुवात तेरा भागांच्या मालिकांनी झाली. 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, पुढे रोजच्या मालिका. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रोज बावीस मिनिटांचा भाग. हाताशी भागांची ‘बँक’ हवी, पण ती कायम रिकामी. सकाळी नऊला चित्रित व्हायचा प्रसंग रात्री दोनला लिहायचा. नटीला ताप आला की तिचं पात्र मामाच्या गावाला. पुढे निर्माता झालो. तेव्हा रात्री दोनला लेखकाला फोन करणारा मी.

एकदा मी आपल्याच गल्लीतल्या कुटुंबाची मालिका मांडली. बाप साच्यावर, आई खानावळीचे डबे करते, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. वाहिनीच्या लोकांना गोष्ट आवडली, खोली आवडली नाही. कॅमेरा मागे न्यायला जागा नाही, म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण भिंत सरकणारी बांधता येते, हे मला ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. घोडबंदरला बंगला भाड्याने घेतला. साच्यावरचा बाप मिठाईचा व्यापारी झाला. मालिका चारशे भाग चालली. माझं घर तिच्यावरच झालं, तेव्हा तिला नावं ठेवणार नाही.

वडील ती रोज बघायचे. एकदा जाहिराती लागल्यावर त्यांनी विचारलं, “ह्यांच्या घरात कामाक कोण जाता रे?”

मी हसून वेळ मारून नेली. त्यांनी परत विचारलं नाही.

खोली दाखवता येत होती. लालबागच्याच जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये ती रंगमंचावर उभी केली होती, त्यावरून 2010 मध्ये महेश मांजरेकरांचा सिनेमाही आला. नाटक पाहून घरी आलो आणि आठ दिवस एक ओळ लिहिली नाही. नवव्या दिवशी भाग द्यायचा होता.

वडील गेले. चाळही पाडली. आता कोणी मागितलेली नसताना ती मालिका पहिल्या भागापासून लिहायला घेतली आहे आणि अडलोय फार साध्या ठिकाणी. तिसऱ्या मजल्यावर नळ जिन्याच्या डाव्या बाजूला होता की उजव्या? तिसऱ्या पाळीची माणसं घरी यायची तेव्हा दूधवाला येऊन गेलेला असायचा का? सकाळपासून तिघांना विचारलं, तीन उत्तरं मिळाली. जेवणानंतर मी खिडकीजवळच्या बाकावर वही घेऊन बसतो. लालबाग, परळ, काळाचौकीवाल्यांनी यावं. जुने फोटो असतील तर घेऊन या, दोन दिवसांत परत करीन.