गोधडीचा धंदा
(ज्युबिलीनिमित्त भगिनीमंडळापुढें केलेलें भाषण)



जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून विकाव्या, हा आपला विचार ऐकून संतोष झाला. कापसाच्या या खानदेशांत गोधडी कोणाला नवी नाहीं. विकणें मात्र नवें आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी भगिनींनीं, ज्यांत आपल्या कॅथलिक भगिनीही आहेत, २००४ सालीं यासाठीं सहकारी मंडळी काढली. त्यांची कवंदी कडेपासून मध्याकडे शिवीत नेतात. चार कोपऱ्यांवर त्रिकोणी ‘फुलें’ बसविल्यावांचून ती पुरी होत नाहीं.

एक धोका आहे. जुन्या नक्षीचें नवें कापड बाजारांत मिळतें. तें खुशाल वापरा, पण जुनें म्हणून विकूं नका. खरें जुनें लुगडें धुऊन धुऊन मऊ झालेलें असतें. मात्र तें उजेडाकडे धरून पाहावें, विरलेलें असल्यास आंतल्या थरास घालावें.

दुसरें, किंमत. माझ्या आईची एक गोधडी महिना घेई व तिला कोणीं मोल विचारलें नाहीं. आपण धावदोऱ्याचे दिवस मोजूनच दाम सांगावा. तसें न केल्यास कापडाचे पैसे सुटतील आणि डोळे जातील. गिऱ्हाईक घासाघीस करील, करूं द्या.

पहिल्या चार गोधड्यांच्या दोऱ्याचा खर्च मी रविवारीं चिटणीसबाईंकडे देईन.